अठ्ठावीस पोरं, दहा हजार रुपये

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सरांचा फोन आला, ताई शाळेच्या खात्यावर अनुदानाचं लिमिट पडलंय, पाच हजार खर्चायला मिळणार, आणि एकतीस मार्चच्या आत खर्च टाकायचाय नाहीतर परत जाणार. मी मशीनवर बसले होते, हातात एकीचं ब्लाऊज होतं, तशीच उठून शाळेत गेले, कारण शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष म्हणून माझी सही लागते आणि सहीच्या आधी खर्च कशावर टाकायचा ते पण ठरवावं लागतं. आमच्या शाळेचं वर्षाचं अनुदान दहा हजार. त्यातलं निम्मं आलं, आणि ते पण वर्ष संपत आल्यावर. जूनपासून खडू, रजिस्टर, झाडू, फिनेल, प्रिंटरची शाई, लाईटबिल हे सगळं सरांनी खिशातनं भरलेलं, पावत्या एका वहीला पिनांनी लावून ठेवलेल्या. त्या सगळ्या जोडून बघितल्या तर चार हजार शंभर झाले. उरले नऊशे. त्या नऊशेमध्ये आम्ही पहिली-दुसरीच्या पोरांसाठी चित्रांच्या गोष्टींची वीस पुस्तकं आणली, आणि ती पोरांच्या हातात पडली मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात.

हीच पुस्तकं जूनमध्ये आली असती तर वर्षभर वाचली असती. एवढी साधी गोष्ट आहे.

हे लिहायला बसले त्याचं कारण गेल्या महिन्यातलं एक लग्न. तिथं आमच्या नात्यातले एक काका म्हणाले, सरकार झेडपीच्या एकेका पोरावर हजारो रुपये घालतं, तरी पोरांना धड वाचता येत नाही, मग पैसा ओतून उपयोग काय. मी म्हणलं काका तसं नसतं, पण कसं असतं ते मला चार माणसांत उभं राहून नीट सांगता आलं नाही आणि ते डोक्यात राहिलं. म्हणून आता सगळं सविस्तर लिहितीय.

आधी माझं सांगते. आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात, शाळा पहिली ते चौथी, दोन शिक्षक. मी २०११ ला डी.एड. झाले. २०१२ ला शिक्षक भरतीवर बंदी आली, आमच्या बॅचच्या किती पोरी अशाच घरी बसल्या त्याला हिशोब नाही, मी शिवणकामाला लागले आणि आज गावात तेच करते. मुलगी चौथीत आहे म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत आले, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या बायका लागतात, आणि दोन वर्षांपासून अध्यक्ष आहे. त्यामुळं शाळेच्या पैशाची कॅशबुक मी प्रत्यक्ष बघते, ऐकीव बोलत नाही.

तर अनुदान. २०१८ ला समग्र शिक्षा ही सरकारी योजना आली, त्याच्या आधी सर्व शिक्षा अभियानात शाळेला वेगळे पैसे, दुरुस्तीला वेगळे, आणि प्रत्येक शिक्षकाला साहित्य बनवायला ५०० रुपये यायचे. आता सगळं मिळून एकच, संयुक्त शाळा अनुदान, आणि ते पटावर. ३० पोरांपर्यंत १०,०००, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्याच्या वर एक लाख. त्यातले दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. आमचा पट तेहतीस होता तेव्हा पंचवीस हजार मंजूर व्हायचे. मग फाट्यापर्यंत इंग्लिश मिडीयमची पिवळी गाडी यायला लागली आणि पाच पोरं तिकडं गेली. पट अठ्ठावीस, अनुदान दहा हजार. पाच पोरं गेली आणि पंधरा हजार गेले, म्हणजे एका पोरामागं तीन हजार. पण पत्रा तेवढाच गळतो, मीटर तोच आहे, संडास तेवढेच धुवावे लागतात, रजिस्टरं तेवढीच लागतात. शाळेचा खर्च पोरांच्या डोक्यावर फार थोडा असतो, बराचसा खर्च शाळा उघडी ठेवायचाच असतो, मग एक पोर असो की तीस. मग पट घटला की शाळा कळाहीन दिसायला लागते, शाळा तशी दिसली की अजून दोन पालक पोरं काढतात. असं ते चाललंय.

दहा हजार भागिले अठ्ठावीस केलं तर ३५७ रुपये वर्षाला. शाळेचे दिवस २२० धरले तर दिवसाला एक रुपया साठ पैशाच्या आसपास. एक रुपयावरनं आठवलं, दारिद्र्यरेषेखालच्या मागास आणि भटक्या समाजातल्या पहिली ते चौथीच्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता १९९२ ला सुरू झाला, माझ्या बरोबरच्या मैत्रिणीला तो मिळायचा आणि वर्षाच्या शेवटी जे काही हातात यायचं त्यात तिची आई तिला चपला घ्यायची. तो एक रुपया तेव्हापासून एकच आहे. वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. आता २२० रुपयांत काय येतं सांगा.

आता काकांच्या हजारो रुपयांकडं येते, कारण ते खोटं बोलत नव्हते. आमचे सर जुने आहेत, त्यांचा पगार ऐंशी हजाराच्या घरात. मॅडम नवीन, शिक्षणसेवक, त्यांना महिन्याला १६,००० मानधन (हे २०२३ पर्यंत सहा हजार होतं, सहा हजारात ती पोरं परजिल्ह्यात खोली करून कशी राहत असतील). दोघांचं वर्षाचं मिळून अकरा लाखाच्या वर जातं, भागिले अठ्ठावीस, म्हणजे एका पोरामागं चाळीस हजार. काकांना हा चाळीस हजाराचा आकडा दिसतो. मला त्याच्या शेजारचा ३५७ दिसतो. शाळेवरचा जवळजवळ सगळा पैसा हा शिक्षकच आहे, आणि त्यात चूक काहीच नाही, पोराला शिकवतं ते माणूस, भिंत नाही. पण मग त्या माणसाचा वेळ हाच सरकारचा पैसा आहे की नाही? आणि तो वेळ कुठं जातो ते बघा. प्राथमिक शाळेला क्लार्क नाही, शिपाई नाही. पोषण आहाराची रोजची नोंद सर करतात, यू-डायस म्हणजे शाळेची सगळी ऑनलाईन माहिती सर भरतात, आधार जुळत नाही म्हणून पालकांच्या मागं सर फिरतात, गटविकासातनं फोन आला की अर्ध्या तासात माहिती सर पाठवतात, निवडणूक आली की मतदारयादी सरांकडंच. मी एक आठवडा शाळेत बसून नुसतं बघितलं, ज्या दिवशी ऑनलाईन काम निघालं त्या दिवशी तिसरी-चौथीला दुपारनंतर पाढे लिहा सांगून ठेवलेलं होतं. सरांचा यात दोष नाही, तो माणूस रात्री घरी जाऊन पण लॅपटॉपवर बसतो. पण ऐंशी हजाराचा शिक्षक आपण ठेवलाय आणि त्याच्याकडनं दहा हजाराच्या कारकुनाचं काम करून घेतोय, कारण दहा हजाराचा कारकून द्यायचा नाहीये. मोठा पैसा असा वाया जातो, बारका पैसा नसल्यामुळं.

पैसा वाढला की शिकणं वाढतं का यावर जगभरात भरपूर मोजलंय, डी.एड. झाल्यापासून मला हे वाचायची सवय आहे. इंडोनेशियानं शिक्षकांचा पगार दुप्पट केला, अभ्यासकांनी नंतर पोरांची परीक्षा घेऊन बघितली तर शिकण्यात काही फरक नाही, शिक्षक खूश झाले, दुसरी नोकरी करायची गरज कमी झाली, पण पोरं होती तिथंच. आणि तिकडं अमेरिकेत कोर्टाच्या निकालांमुळं ज्या जिल्ह्यांच्या शाळांना जास्त पैसे मिळाले तिथल्या पोरांचं मोठेपणी काय झालं ते बघितलं, तर बाराही वर्षं दहा टक्के जास्त खर्च झालेल्या पोरांची कमाई ७ टक्क्यांच्या आसपास जास्त निघाली, गरीब घरातल्यांना फायदा अजून मोठा. मग दोन्हीतलं खरं काय? दोन्ही खरं आहे. इंडोनेशियात आहे त्याच माणसाला त्याच कामाचे जास्त पैसे गेले. अमेरिकेत त्या पैशातनं जास्त शिक्षक आले, वर्ग छोटे झाले, शाळेचे दिवस वाढले, आणि ते बारा वर्षं टिकलं.

आपल्याच देशातला, आंध्र प्रदेशातला एक अभ्यास मला सगळ्यात जास्त पटला, कारण तो घरातल्या माणसांना धरून आहे. तिथं दोनेकशे शाळा घेऊन त्यातल्या निम्म्यांना पोरांच्या वह्या-साहित्यासाठी जादा पैसे दिले. पहिल्या वर्षी पैसे अचानक आले, पोरांचे मार्क वाढले. दुसऱ्या वर्षी तेच पैसे येणार हे सगळ्यांना माहीत होतं, मग आईबापांनी घरचा खर्च तेवढा कमी केला, आणि मार्क वाढले नाहीत. यात आईबापांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, मी पण तेच केलं असतं, शाळेतनं वह्या मिळणार म्हणल्यावर मी त्या पैशाचं दूध नाहीतर औषध आणणार. पण त्यातनं एक कळतं की जी वस्तू आईबाप घेऊ शकतात ती शाळेनं घेऊन दिली तर घराला मदत होते, शिकण्यात भर पडेलच असं नाही, आणि जी गोष्ट आईबाप घेऊच शकत नाहीत, म्हणजे वाचायला शिकवणारं माणूस, तिथं पैसा घातला तर फरक पडतो.

आणि ते माणूस फार महाग असायला पण लागत नाही. मुंबईच्या महापालिका शाळांत आणि बडोद्यात २००१ ते २००३ मध्ये 'प्रथम' या संस्थेनं बालसखी म्हणून चालवलं होतं. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी, महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये, तिसरी-चौथीतली मागं पडलेली पंधरा-वीस पोरं घेऊन रोज दोन तास बसायची, अक्षरं, शब्द, बेरीज. पोरामागं वर्षाला शंभर रुपयांच्या आसपास खर्च. दोन्ही शहरांत मार्क वाढले, सगळ्यात खालच्या पोरांचे सगळ्यात जास्त वाढले. हा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढं २०१९ चं नोबेल मिळालं. त्यांनीच हे पण लिहून ठेवलंय की बालसखी बंद झाल्यावर वर्षभरानं तो फायदा बराच ओसरला. मला तर हे वाचून आधी वाईट वाटलं, पण नंतर वाटलं बरोबरच आहे, पाणी द्यायचं बंद केल्यावर ऊस वाढेल का.

मी स्वतः नोव्हेंबरपासून रोज सकाळी दहा ते अकरा शाळेत जाते, फुकट. सरांनी आणि मी मिळून दुसरी ते चौथीच्या पोरांचं वाचन घेऊन बघितलं, असर ही खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या वाचनाची पाहणी करणारे घेतात तसं, एक अक्षरांचा कागद, एक शब्दांचा, एक परिच्छेदाचा. नऊ पोरं शब्दावर अडकलेली निघाली. देशात पण तेच आहे, असरच्या २०२४ च्या अहवालात सरकारी शाळेतल्या तिसरीच्या पोरांपैकी २३.४ टक्केच दुसरीचा मजकूर वाचू शकली, २०२२ ला तर १६.३ होती. तर ती नऊ पोरं मी घेतली. एप्रिलपर्यंत त्यातली सहा परिच्छेद वाचायला लागली, दोन वाक्यावर आली, एकाला अजून जोडाक्षर जमत नाही, तो चुकतोय असं वाटलं की गप्प बसतो आणि मग मला त्याच्याबरोबर खाली मांडी घालून बसावं लागतं. या कामाला पैसे लागले नाहीत असं कुणी म्हणू नका. दहा ते अकरा माझं मशीन बंद असतं, आणि लग्नसराईत एक तास बंद म्हणजे माझे शंभर-दीडशे रुपये जातात. मी घालू शकते म्हणून घालते. शेजारच्या वाडीतल्या शाळेत माझ्यासारखी रिकामी डी.एड. बाई नसेल तर तिथल्या नऊ पोरांनी काय करायचं?

गणवेशाचं पण सांगितलं पाहिजे, आणि यात माझाही धंदा होता हे आधीच सांगते. पूर्वी दोन गणवेशांचे ६०० रुपये समितीकडं यायचे, आम्ही कापड आणायचो, मी अंगाचं माप घेऊन शिवायचे, पंधरा ऑगस्टच्या आत सगळी पोरं नव्या कपड्यात. २०२४-२५ ला एक राज्य एक गणवेश आलं, खरेदी वरनं. एक गणवेश शिवून येणार, दुसरा स्काऊट गाईडचा, त्याचं कापड समितीला आणि शिलाईला ११० रुपये. शिवलेला गणवेश आमच्याकडं दिवाळी जवळ आली तेव्हा आला आणि तिसरीतल्या एका पोरीला तो सरळ तिच्या दादाचा झाला असता एवढा मोठा. आणि ११० रुपयांत शर्ट-पँट कोण शिवतं, दोरा, बटणं, कॅनव्हास धरून माझ्या हाताला काही राहत नव्हतं, तरी शिवले कारण आपल्याच गावची पोरं. डिसेंबर २०२४ ला सरकारनं निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून पैसे परत समितीकडं आले, ते बरं झालं. पैसा होता तेवढाच होता हो. फक्त तो कुणाच्या हातात दिला यानं एक अख्खं वर्ष पोरं जुन्या फाटक्या कपड्यात आली, आणि कपडा फाटका असला की मोठी पोरगी शाळेत यायला लाजते, हजेरी पडते, हे मी बघितलंय.

आता सगळ्यात खुपणारी गोष्ट. पट मोजतात तीस सप्टेंबरचा. त्यावर यू-डायस, त्यावर संचमान्यता म्हणजे किती शिक्षक मंजूर ते, त्यावर अनुदान. आमच्याकडं कारखान्याचं बॉयलर पेटलं की दिवाळीनंतर बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात. ओढ्याकडच्या रानात त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, आणि त्यांची पोरं आमच्या शाळेत येतात, यायलाच पाहिजेत, शिक्षण हमी कार्ड असेल तर आणि नसेल तर पण. या वर्षी सात आली. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च आमच्या वर्गात पस्तीस पोरं बसतात आणि कागदावर अठ्ठावीस. ती सात तिकडं त्यांच्या गावच्या पटावर आहेत, तिकडचा वर्ग अर्धा रिकामा आणि इकडं सतरंजी कमी पडते. पैसा एका तारखेला उभा राहतो आणि पोरं तर चालत असतात. ज्या पोराला सगळ्यात जास्त शिकवायची गरज आहे, पहाटे आईबाप फडात गेल्यावर जे पोर धाकट्या भावाला काखेत घेऊन शाळेत येतं, त्याच्या नावानं आमच्या शाळेला एक रुपया येत नाही. मॅडमनी त्यांना पाट्या स्वतःच्या पैशानं आणल्या, सोळा हजारातनं.

मग सगळे सांगतात लोकवर्गणी करा. करतो की. वाबळेवाडीचं नाव कुणाला माहीत नाही, शिरूर तालुक्यातल्या त्या वाडीनं शाळेला जमीन दिली, वर्गणी दिली आणि शाळा कुठल्या कुठं नेली. आमच्याच जिल्ह्यात कुमठे बीटमधल्या, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांनी फरशीवर आखून, खडे-काड्या घेऊन पोरांना असं शिकवलं की राज्यभरातले शिक्षक गाड्या करून बघायला आले, २०१५ नंतर प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाच्या वेळी तर रोज गर्दी. मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे. पण लोकवर्गणी ही जिथं देणारे आहेत तिथंच जमते. ज्या गावात एमआयडीसी आहे, ज्यांची पोरं पुण्या-मुंबईला आहेत, तिथं एका मीटिंगमध्ये लाख जमतात. आमच्याकडं बागायतदारांची पोरं पिवळ्या गाडीत जातात, झेडपीत राहिली ती शेतमजुरांची आणि आमच्यासारख्यांची, त्यांच्याकडं मी कुठल्या तोंडानं पावतीबुक घेऊन जाऊ? माझी शाळा सुंदर शाळा स्पर्धेत राज्यात पहिल्या शाळेला ५१ लाख मिळाले, चांगलं झालं, पण जी आधीच सुंदर झालेली तिलाच ते मिळणार. जानेवारी २०२५ ला तर पोषण आहारातल्या अंड्याचा आणि खिरीच्या साखरेचा वेगळा निधी पण बंद झाला, लोकसहभागातनं करा म्हणाले. अंडं तरी राहू द्यायचं होतं. बुधवारी अंडं असायचं तेव्हा त्या दिवशी पट भरलेला असायचा, कोपीवरची पोरं पण चुकवायची नाहीत.

तर काका, तुम्ही हे वाचत असाल तर माझं म्हणणं एवढंच होतं. पैसा जूनमध्ये यावा, समितीच्या हातात यावा, पोर जिथं बसलंय तिथं यावा, आणि शिक्षकाला वर्गात ठेवण्यासाठी यावा. चाळीस हजार घालून तुम्ही विहीर खणलीय आणि दोराला पैसे नाहीत म्हणताय.

शनिवारी समितीची मीटिंग आहे. चौथीतली सहा जाणार, माझी पोरगी पण त्यात, पहिलीला पाच येणार, म्हणजे पट सत्तावीस. एकतीसला चार कमी. काल दुपारी पिवळ्या गाडीला पोरं पाठवणाऱ्या एक वहिनी परकराचं माप द्यायला आल्या होत्या, फी झेपत नाही म्हणत होत्या, दोन्ही पोरांना इकडं घालावं का विचारत होत्या. मी माप घेता घेता म्हणलं घाला की. तर त्या म्हणाल्या, ताई खरं सांगा, चार वर्ग आणि मास्तर किती? मी म्हणलं दोन आहेत, आणि सकाळी एक तास मी असते. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, बघते, मालकांना विचारून सांगते.